हा तीन कुणाचा?

माझे वडील जुळारी होते. साताऱ्यातल्या एका लहान छापखान्यात त्यांनी एकतीस वर्षं खिळे जुळवले. उजव्या हाताने केसच्या खणातून खिळा उचलायचा आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये उभा करायचा. खिळ्याच्या अंगावरची खाच अंगठ्याला लागली की तो सुलटा बसला हे न बघता कळायचं. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, कीर्तनाची हँडबिलं असं काम वर्षभर चाले. सहामाही आणि वार्षिक परीक्षा जवळ आल्या की शाळांच्या प्रश्नपत्रिका येत. ते काम रात्री, दार ओढून घेऊन होई. मी जेवणाचा डबा घेऊन जायचो आणि दाराबाहेरच्या पायरीवर बसायचो, कारण आत यायला मला मनाई होती.

मी सहावीत असतानाची गोष्ट. आठवीच्या गणिताच्या पेपरात एक तीन मार्कांचं उदाहरण होतं. मास्तरांनी हाताने लिहिलेल्या कागदावर वर ३६, मध्ये आडवी रेघ आणि रेघेखाली ३(४ + २) असं होतं. शेजारी लिहिलेलं: सरळरूप द्या. आता हे खिळ्यांत जुळवायचं तर काय काय करावं लागतं, ते मी वडिलांकडून पुढे अनेकदा ऐकलं. अंश मधोमध यावा म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना कोरे क्वाड भरायचे. त्याखाली छेदाच्या रुंदीची पितळी पट्टी बसवायची, पट्टीखाली छेद जुळवायचा. मग ही तीन मजल्यांची इमारत शेजारच्या एकमजली ओळीत नीट उभी राहावी म्हणून बाकीच्या ओळीच्या वर आणि खाली लेड, म्हणजे शिशाच्या पट्ट्या, घालायच्या. एखादं लेड कमी पडलं तर फर्मा आवळताना खिळे सैल राहतात आणि मशिनीवर निसटतात. त्या पेपरात असे अपूर्णांक अकरा होते. मुख्याध्यापकांचा आग्रह होता की पेपर कागदाच्या एकाच बाजूवर बसला पाहिजे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. वडिलांनी चिन्हांच्या खणातून भागाकाराचा खिळा उचलला आणि ते उदाहरण एका ओळीत जुळवलं: ३६ ÷ ३(४ + २).

परीक्षेत निम्म्या वर्गाने उत्तर काढलं २ आणि निम्म्याने काढलं ७२. मास्तरांच्या उत्तरसूचीत २ होतं. ७२ वाल्यांना शून्य मिळालं. त्यांतल्या एकाचे वडील गुळाचे व्यापारी होते. ते थेट छापखान्यात आले, पाठोपाठ मास्तर आले आणि मालकांनी वडिलांना हात पुसत बाहेर बोलावलं. व्यापाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. कंस सोडवला, सहा आले. मग डावीकडून चला: छत्तीस भागिले तीन बारा, बारा गुणिले सहा बहात्तर. यात पोराचं चुकलं कुठे? मास्तर म्हणत होते, अहो, खाली सगळं मिळून अठरा होतात, छत्तिसाला अठराने भागायचं. दोघंही बरोबर बोलत होते. माझे वडील जुनी सातवी, म्हणजे फायनल झालेले. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “मास्तर, हा तीन कुणाचा? छत्तिसाचा, की कंसाचा?”

मास्तर गप्प झाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाला तीनपैकी तीन मार्क दिल्याचं कळलं. पण वडिलांचं समाधान झालं नव्हतं. रात्री जेवताना ते आईला म्हणाले, “रेघेत कंस होता. मला दिसला नाही. मी रेघ काढली आणि कंसही काढला.”

अपूर्णांकाची आडवी रेघ भागाकार सांगतेच, शिवाय वर जे आहे ते सगळं एक आणि खाली जे आहे ते सगळं एक, हेही सांगते. ती दोन्ही बाजूंना न लिहिलेला कंस धरून उभी असते. ती काढून सगळं एका ओळीत आणलं की ते कंस लिहून द्यावे लागतात, नाहीतर खालचा आकडा पोरका होतो. हे मला वडिलांच्या त्या वाक्यातून उमगलं आणि पुढे मी गणित-विज्ञानाच्या पुस्तकांचा मुद्रितशोधक झालो, त्याचं मूळही मला त्या वाक्यातच दिसतं.

पुढे वाचताना कळलं की ही अडचण साताऱ्यात जन्मलेली नव्हती. अपूर्णांक तिरक्या रेघेने एका ओळीत लिहावेत ही शिफारस ऑगस्टस डी मॉर्गन यांनी १८४५ साली केली आणि केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी १८८० मध्ये आपल्या संकलित लेखांच्या पहिल्या खंडात ती रेघ वापरली. कारण तेच, छपाईचं. दोन मजली अपूर्णांक ओळींमधलं अंतर बिघडवतो, जुळाऱ्याचा वेळ खातो, कागद खातो. वडिलांनी वापरलेलं ÷ हे चिन्ह त्याहून जुनं. योहान हाइनरिश रान यांच्या १६५९ सालच्या झुरिकमध्ये छापलेल्या बीजगणितात ते भागाकारासाठी पहिल्यांदा छापलं गेलं. इंग्लंडने ते उचललं आणि इंग्रजांमागून ते आपल्या शाळांत आलं. युरोपात बऱ्याच ठिकाणी लाइब्निझ यांची दोन टिंबंच चालत राहिली. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये तर ÷ हे चिन्ह पुष्कळ काळ वजाबाकीसाठी वापरत. म्हणजे छापलेल्या चिन्हाला स्वतःचा असा अर्थ नाही. तो लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने आपसात ठरवायचा असतो, आणि ठरलं नसेल तर विचारायचा असतो.

हे विचारणं मात्र होत नाही. २०१९ च्या जुलैअखेरीस ८ ÷ 
२(२ + २) हे उदाहरण जगभर फिरलं. त्याआधी २०११ मध्ये ४८ ÷ २(९ + ३) असंच गाजलं होतं. कॉर्नेल विद्यापीठातले गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांना ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये २०१९ च्या उदाहरणावर लेख लिहावा लागला. आमच्या घरी तो वाद जेवणाच्या ताटांवर झाला. बहीण, मेहुणे आणि भाची आले होते. भाची संगणक अभियंता आहे, मेहुणे बँकेतून निवृत्त झालेले.

“मामा, सोळाच,” भाची म्हणाली. “भागाकार-गुणाकार एकाच पायरीवर. डावीकडून उजवीकडे.”

“एक,” मेहुणे म्हणाले.

“बाबा, नियम आहे तो.”

“अगं, नियम असू दे. तो दोन कंसाला चिकटलाय ना? मध्ये चिन्ह आहे का? तो त्याचाच झाला.”

मी घास हातात धरून ऐकत होतो, कारण चाळीस वर्षांनी मला छापखान्याच्या दारातला प्रश्न पुन्हा ऐकू येत होता. मेहुणे ‘चिकटलाय’ म्हणाले, वडील ‘कुणाचा’ म्हणाले होते. दोघांनाही नातं दिसत होतं. भाची क्रम बघत होती. आणि शाळेत आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलेल्या सूत्रात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

कंचेभागुबेव. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही अर्ध्या झोपेत विचारा, तो म्हणून दाखवेल. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. अमेरिकेतली मुलं कंस, घातांक, गुणाकार, भागाकार अशी साखळी पाठ करतात. त्यांचा गुणाकार आधी येतो, आपला भागाकार आधी. यावरून पुष्कळांना वाटतं की दोन देशांत दोन गणितं आहेत. तसं नाही, गुणाकार आणि भागाकार दोन्हीकडे एकाच पायरीवर आहेत. पण सूत्र शब्दशः धरणाऱ्या मुलाचं मात्र वेगवेगळं होतं. २४ ÷ ४ × २ मध्ये अमेरिकन मुलगा आधी गुणाकार करून ३ वर पोचू शकतो. आपला मुलगा आधी भागाकार करतो आणि १२ हे बरोबर उत्तर काढतो. नुसत्या गुणाकार-भागाकाराच्या साखळीत ‘भागाकार आधी’ हे शब्दशः पाळलं तरी उत्तर कधी चुकत नाही. हे कागदावर करून बघण्यासारखं आहे. बेव मात्र फसवतं. १० − ३ + २ मध्ये बेरीज आधी केली की ५ येतात आणि उत्तर आहे ९. किती मुलांच्या वहीत मी तो ५ पाहिला असेल. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की शेवटची दोन अक्षरंही एकाच पायरीवर उभी आहेत.

पण मला बोलायचं आहे ते ‘चे’बद्दल. सहा अक्षरांतलं हे एकच अक्षर एखाद्या नामाचं पहिलं अक्षर नाही. तो षष्ठीचा प्रत्यय आहे. चा, ची, चे. वीस भागिले दहाचे अर्धे किती? दहाचे अर्धे पाच, वीस भागिले पाच चार. तिथे ‘चे’च्या जागी गुणिले लिहिलं तर डावीकडून चालत वीस भागिले दहा दोन, दोन गुणिले अर्धा एक. ‘चे’ने जे बांधलं ते भागाकारालाही सोडवता येत नाही. मी वापरलेल्या पुस्तकांत हे ‘चे’ म्हणजे अक्षरांनी लिहिलेलं ‘चे’ एवढंच असे. कंसाला चिकटलेल्या आकड्याबद्दल ती काही बोलत नसत. माझं म्हणणं असं आहे की जगभरचा सगळा वाद या एका प्रत्ययाचा आहे. २(२ + २) मधला दोन हा गुणिले आहे की चे आहे? दोन गुणिले चार, की चाराचे दोन पट?

हा प्रत्यय फार जुन्या हिशेबातला आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, अपूर्णांकाच्या अपूर्णांकाला ‘प्रभाग’ असं स्वतंत्र नाव आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, म्हणजे हे गणित आपल्या सह्याद्रीच्या कुशीतलंच. ‘लीलावती’त एका कंजुषाचं उदाहरण आहे. दाराशी आलेल्या याचकाला त्याने द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पाचव्या भागाच्या सोळाव्या भागाचा चौथा भाग दिला, तर किती दिलं? एका पाठोपाठ एक सहा षष्ठी. गुणाकार करत गेलं की एक छेद बाराशे ऐंशी येतो. वीस वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्मात वराटक बाराशे ऐंशी. कंजुषाने अख्खी एक कवडी दिली. या उदाहरणात एकही चिन्ह नाही, एकही कंस नाही, आणि तरी ते दोन प्रकारे वाचता येत नाही. प्रत्येक भाग कुणाचा आहे ते सांगितलेलं आहे.

भा आणि गु यांचीही अशीच गंमत आहे. १८८१ मध्ये पेशावरजवळ बख्शाली गावी भूर्जपत्रावरचं गणिताचं एक जुनं हस्तलिखित सापडलं. ते आता ऑक्सफर्डला आहे. त्यात क्रिया दाखवायला शब्दांची पहिली अक्षरं लिहिलेली आहेत: बेरजेला यु, भागाकाराला भा, गुणाकाराला गु. आपल्या पाचवीतल्या मुलाच्या तोंडची मधली दोन अक्षरं त्या भूर्जपत्रावर आहेत. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ कामाला बसू शकलो नाही.

गुणाकार बेरजेच्या आधी का, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. ते आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याने शिकवलं. चाळीस रुपयांच्या तीन वह्या आणि पंधरा रुपयांच्या दोन पट्ट्या. त्याच्या टेबलावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर ३ × ४० + २ × १५ असं सलग दाबत गेलं तर यंत्र प्रत्येक पायरीला हिशेब उरकत जातं: एकशे वीस, एकशे बावीस आणि मग अठराशे तीस. तो तसं दाबतच नाही. तीन गुणिले चाळीस, बरोबर. दोन गुणिले पंधरा, बरोबर. मग जीटी, म्हणजे एकूण बेरजेचं बटण. पडद्यावर दीडशे. ‘बरोबर’ हे बटण त्याचा कंस आहे. एकशे वीस रुपयांत दोन पट्ट्या मिळवता येत नाहीत, रुपयांत रुपयेच मिळवता येतात. म्हणून आधी वस्तूंचे रुपये करायचे आणि मग बेरीज. बाजारात बहुतेक हिशेब गुणाकारांच्या बेरजेचे असतात, बेरजांच्या गुणाकाराचे क्वचित. जे रोज लागतं ते कंसाशिवाय लिहिता यावं, अशी सोय यातून झाली असावी असं मला वाटतं. या नियमाला असा आधार आहे, म्हणून त्यावर कुणी भांडत नाही. भागाकाराशेजारच्या गुणाकाराला तसा आधार नाही. १९१७ मध्ये एन. जे. लेनीज यांनी अमेरिकेतल्या गणिताच्या एका मासिकात नेमकं हेच दाखवलं होतं. पुस्तकांचा नियम सांगतो डावीकडून उजवीकडे, पण ९अ² ÷ ३अ याचं उत्तर सगळेच ३अ काढतात, नियमाने येणारं ३अ³ कुणी काढत नाही. आणि चिन्हांचा इतिहास लिहिणारे फ्लोरियन कजोरी १९२८ मध्ये नोंदवतात की भागाकार आणि गुणाकार एकत्र आले तर आधी कोणता, यावर एकमत नाही. पाठ्यपुस्तकं आणि माणसं दोन वाटांनी चालत होती, हे शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे.

वडिलांचा प्रश्न माझ्या डोक्यात असल्यामुळे मी पदावली वाचताना नेहमी ती मोठ्याने बोलून बघतो. छत्तीस भागिले तीन कंसात चार अधिक दोन. असं म्हटलं की गोंधळ तसाच राहतो, कारण ही बोली चिन्हांच्या मागून चाललेली असते. पण तेच उदाहरण मी आईला सांगायचं ठरवलं तर काय म्हणेन? चार आणि दोनच्या बेरजेला तीनने गुण आणि जे येईल त्याने छत्तिसाला भाग. किंवा: छत्तिसाला तीनने भाग आणि जे येईल त्याला चार आणि दोनच्या बेरजेने गुण. दोन वाक्यं, दोन उत्तरं, आणि दोन्हींत संशयाला जागा नाही. ला, ने, च्या. हे प्रत्यय प्रत्येक संख्येला हाताला धरून तिच्या जागी नेऊन बसवतात. क्रियापद शेवटी येतं, तोपर्यंत सगळी पाहुणे मंडळी आपापल्या पाटावर बसलेली असतात. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान लुकासेविच यांनी १९२४ च्या सुमारास कंसाशिवाय लिहायची पद्धत काढली, क्रिया आधी आणि संख्या नंतर. तीच उलटी करून १९७२ च्या एचपी-३५ या खिशातल्या कॅल्क्युलेटरमध्ये आली. त्यात छत्तीस, तीन, चार, दोन अशा संख्या आधी द्यायच्या आणि मग अधिक, गुणिले, भागिले. उत्तर दोन. कंसाचं बटणच नाही. त्या यंत्राची रीत वाचली तेव्हा मला ती ओळखीची वाटली. आपण मराठीत असंच बोलतो, आधी कुणाला, कशाने, मग काय करायचं ते.

आणि संख्यांची नावं! तीनशे पाच म्हणताना आपण तीन आणि शे यांचा गुणाकार करतो, त्यात पाच मिळवतो, आणि दोन्ही क्रियांसाठी एकही शब्द वापरत नाही. तीन शेला चिकटून येतो म्हणून गुणाकार. पाच सुटा राहतो म्हणून बेरीज. साडेतीनशे म्हणजे साडेतीन गुणिले शंभर, तीनशे पन्नास. पावणेदोनशे म्हणजे एकशे पंचाहत्तर. दोन-चारशे म्हटलं की दोनही शेला जोडला जातो, उच्चारात नसला तरी. मेहुण्यांचं ‘चिकटलाय’ हे यातूनच आलेलं आहे. जे चिकटून आहे ते आधी, हा कान आपल्याला पाळण्यापासून असतो. गणिताच्या चिन्हांत दोन आणि कंस यांच्यामध्ये काही नसतं तेव्हा तो कान जागा होतो, आणि त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्याच २०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्रात संख्यांच्या नावांवरून मोठं वादळ झालं होतं. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत ‘वीस एक’ असंही वाचायला शिकवलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या आणि त्यांनी शांतपणे सांगितलं की मुलाला लिहिताना आधी दोन आणि मग एक लिहावा लागतो, बोलताना मात्र एक आधी येतो, त्यात लहान मुलं अडखळतात. विधिमंडळात चर्चा झाली, टीका झाली. भाषा मोडली असं म्हणणाऱ्यांचं दुःख मला कळतं. एकोणसत्तर हा शब्द मला स्वतःला सुंदर वाटतो. सत्तराला एक ऊन, वजाबाकी नावातच. पण सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बाजूने विचार करणारं कुणीतरी त्या समितीत होतं, ही गोष्ट मला त्या सगळ्या गदारोळात जास्त मोलाची वाटली. वाचणारा अडखळतो तेव्हा लिहिणाऱ्याने एक पाऊल पुढे यावं. नारळीकर बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांचं पुस्तक मी माझ्या नातवाला वाचून दाखवलं आहे. तो वीस एकही म्हणतो आणि एकवीसही.

चिकटलेल्या आकड्याबद्दल यंत्रांचं तर एकमत कधीच नव्हतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८२ वर एक छेद दोन क्ष दिलं की ते दोन क्ष एकत्र धरून खाली घेई. पुढच्या टीआय-८३ वर तेच दिलं की एकाला दोनने भागून मग क्षने गुणलं जाई. एकाच घरातली थोरली-धाकटी भावंडं. कॅसिओच्या क्लासविझ यंत्रावर ६ ÷ २(१ + २) देऊन बरोबर दाबलं की ते आपणहून आणखी एक कंस घालून ६ ÷ (२(१ + २)) असं दाखवतं आणि मग १ म्हणतं. मला ही रीत सगळ्यांत सभ्य वाटते. तुम्ही म्हणालात ते मी असं ऐकलं, असं ते आधी सांगतं. आंतरराष्ट्रीय मानकात तर ÷ वापरूच नये असं म्हटलेलं आहे, आणि एककं लिहिताना तिरकी रेघ कंसाशिवाय दोनदा देऊ नये असाही नियम आहे. पण शाळेच्या फळ्यापर्यंत ही मानकं पोचलेली मी पाहिलेली नाहीत.

गेल्या आठवड्यात माझ्यासमोर बारावीच्या पदार्थविज्ञानाच्या मार्गदर्शकाची मुद्रितं होती. सरळ तारेतून वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याचं सूत्र एका ओळीत छापलं होतं: म्यू नॉट आय, तिरकी रेघ, दोन पाय आर. अमेरिकेतल्या ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या लेखनसंकेतांत गुणाकार भागाकाराच्या आधी धरला आहे, त्यामुळे तिथला वाचक दोन पाय आर सगळं रेघेखाली वाचतो. पण आपल्या मुलाला शाळेने डावीकडून उजवीकडे शिकवलं आहे. त्याने तसं वाचलं तर आर वर जातो, आणि तारेपासून जितकं लांब जावं तितकं क्षेत्र वाढत जाईल. निसर्गात ते कमी होतं.

मी लेखकांना फोन केला. ते प्राध्यापक, अनुभवी माणूस.

“सर, पान सत्तेचाळीस. पाय आर कुणाचे?”

“म्हणजे?”

“दोनाबरोबर खाली, की वर?”

“अहो, खालीच. तारेपासून लांब गेलं की क्षेत्र कमी होतं, कुणालाही कळतं.”

“तुम्हाला आणि मला कळतं, सर. मुलगा हे पहिल्यांदा वाचणार आहे.”

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “कंस घाला.”

“रेघ घालू का आडवी?”

“जागा आहे?”

जागा नव्हती. पान गच्च होतं. मी समासात मोठी आडवी रेघ काढली, वर म्यू नॉट आय लिहिलं, खाली दोन पाय आर लिहिलं, आणि ओळीला वर-खाली जागा सोडण्याची खूण केली. संगणकावर आता पितळी पट्टी कापावी लागत नाही, क्वाड भरावे लागत नाहीत. तरी ओळ उंच झालीच. पान सत्तेचाळीसची शेवटची ओळ अठ्ठेचाळीसवर गेली, अठ्ठेचाळीसवरची आकृती एकोणपन्नासवर, आणि मी पुन्हा सगळे पानांक तपासायला बसलो.